विरजणाची रेघ

पुणे,
३ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास देवानंदचा साष्टांग नमस्कार.

चार वर्षांत दिवाळीचं साधं कार्ड न पाठवणाऱ्या भाच्याला आज तुझी आठवण कशी झाली, असं तू म्हणशीलच. खरं सांगतो, काम आहे म्हणूनच लिहितोय. रागव, पण पत्र पूर्ण वाच.

मी इथं विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करतोय, हे तुला ठाऊक आहे. निवडणुकीनंतर गाव दोन गटांत कसं तुटतं, कोण कोणाशी बोलायचं थांबतं, कोण थांबत नाही आणि गाव सोडून जाणाऱ्याला बाहेरची वाट कोण दाखवतं, हा माझा विषय. आमचे सर म्हणतात, देशभराचे आकडे ढीगभर पडलेत, तू एक गाव घरोघर फिरून आण. मला एकच गाव माहीत आहे आणि तेही वयाच्या चौथ्या वर्षापर्यंतचं. अप्पा मला खांद्यावर घेऊन वाटूर फाट्यावर एस.टी.त चढले, यापलीकडे बोरमाळचं मला काही आठवत नाही.

तू अंगणवाडीताई. गावातल्या प्रत्येक घरात तुला जाता येतं. मला फक्त चार प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. अडचण आली तर सल्ला कोणाचा घेता? शेवटचं लग्न कोणाच्या घरचं जेवलात? आजारपणात जालन्याला न्यायला कोणाला उठवता? आणि घरातलं कोणी बाहेरगावी गेलं असेल, तर त्याला काम कोणी लावून दिलं?

जमेल का तुला?

तुझा,
देवानंद

———

बोरमाळ,
१८ नोव्हेंबर ९६

चि. देवानंदास जयवंता आत्याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. रागवले. आता पुढं ऐक.

एवढं शिकून तू हेच सवाल इचारून राह्यला का रे? म्या भिवाला, म्हंजे माझ्या दिराला, वाचून दाखवलं तर तो म्हणतो, वैनी, ह्याच्यासाठी सरकार पगार देतं व्हय?

पण गाव तू बराबर निवडलं. मागच्या साली पंचायतीचं इलेक्शन झालं, तवापासून बोरमाळ एक राह्यलं न्हाई. एकीकडं रामराव पाटील, त्याची निशाणी छत्री. दुसरीकडं धर्मराज, त्याची कपबशी. कपबशीचे पाच आले, छत्रीचे चार. धर्मराज सरपंच झाला. आता गावात दोन हॉटेलं, दोन गिरण्या, दोन गणपती. छत्रीवाले तर कपबशीतून चहा पीत न्हाईत, पेल्यात घेतेत. तुझ्या गळ्याशपथ, खोटं बोलत न्हाई. आमचा भिवा छत्रीचा, म्हणून मी बी छत्रीची. मला कुणी इचारलं बी न्हाई.

आन् गंमत काय, तर रामराव आन् धर्मराज सख्खे साला-मेव्हणे हाईत. रामरावाची बहीण पुष्पाबाई गावातल्या गावातच दिलेली. म्हातारी गोजरबाई एकाची आई आन् दुसऱ्याची सासू. रामरावानं आईला शपथ घातली, "धर्मराजच्या दारात पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." मायलेकीच्या घरात पुरी शंभर पावलं न्हाईत, पण साल झालं, तोंड बघितलं न्हाई.

काम करते मी. पण तुझे सवाल सगळे पुरुषमाणसाचे हाईत. बाईला सल्ला कोण इचारतं? लग्नाला कुठं जायचं ते मालक ठरवतो. म्हणून पाचवा सवाल मी घालणार हाय. घरचं विरजण नासलं तर वाटी घेऊन कुणाच्या दारात जाता? ह्याचं उत्तर बाईच देती, आन् खरं देती.

खर्च काय न्हाई, फक्त कोरे कागद पाठव.

तुझी आत्या

———

पुणे,
२६ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास सा. न.

तुझा पाचवा प्रश्न सरांना दाखवला. ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "ही बाई शिकली किती?" म्हणाले. सातवी म्हटल्यावर म्हणाले, बरं झालं.

कागद पाठवतोय. दोन गोष्टी मात्र नीट सांभाळ. कागदावर कोणाचंही नाव येता कामा नये, प्रत्येक घराला एक आकडा दे. लोक मोकळेपणी बोलतील ते नाव लिहिलं जात नाही या भरवशावर, तेव्हा तो भरवसा मोडायचा नाही. दुसरी गोष्ट, उत्तर अडचणीचं असलं तरी बदलू नकोस. तुझ्या स्वतःच्या घराचासुद्धा एक कागद भर.

देवानंद

———

बोरमाळ,
५ जानेवारी ९७

चि. देवानंदास आशीर्वाद.

एकतीस घरं झाली. सगळे कागद ह्या पाकिटात हाईत. दीड महिना लागला, कारण तूर काढायचे दिवस. दुपारी घरात माणूस सापडत न्हाई.

रामरावानं इचारलं, कोणत्या पार्टीचं काम हाय? मी म्हणलं, सरकारी हाय. मंग सगळी उत्तरं दिली. सरपंचानं लई येळ घेतला. "सल्ल्याला अख्खं गाव माझ्याकडंच येतं, लिहून घ्या," म्हणून चहा पाजला. आन् बाकीच्या तीस कागदात त्याचं घर सल्ल्याला कुणी सांगितलं, ते तूच मोज. मी मोजलं. चार.

विरजणाचा सवाल आला की पुरुष उठून जातेत, "हे काय बायकांचं" म्हणून. मंग चुलीपाशी आमचं बोलणं व्हायचं. बाया लई हसल्या. आन् एक-दोघी रडल्या बी.

तू म्हणला खरंच लिही, म्हणून जे सांगितलं तेच लिहिलं. माझं बी. नावं कुठंच न्हाईत, फक्त घर छत्रीचं का कपबशीचं ते कोपऱ्यात लिहिलंय. घरांचे नंबर माझ्या डोक्यात हाईत, त्याची यादी केलीच न्हाई. कुणाच्या हाती लागायची भानगडच नको.

पुण्यात थंडी लई असंल. कान बांधून फिर. तुझ्या बापाला थंडी सोसत नव्हती.

आत्या

———

पुणे,
९ फेब्रुवारी १९९७

ती. आत्यास सा. न.

आत्या, तू काय केलंस हे तुला कळलंय का?

सोबतचा मोठा कागद उघड. एकेक टिंब म्हणजे एकेक घर. निळी टिंबं छत्रीची, हिरवी कपबशीची. सल्ल्याच्या रेघा काळ्या आहेत. बघ, एकही निळ्यातून हिरव्यात जात नाही. लग्नाच्या रेघाही नाहीत. दवाखान्याच्यासुद्धा नाहीत. माणूस मरायला टेकला तरी पलीकडच्याला उठवत नाहीत. हे मला अपेक्षित होतं, पण असं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

आता लाल रेघा बघ, त्या विरजणाच्या. त्याही बहुतेक आपापल्या रंगातच फिरतात. फक्त एक सोडून. आठ नंबरचं हिरवं घर विरजण घेतं एकतीसकडून, आणि एकतीसचं निळं घर घेतं एक नंबरकडून. एकपासून आठपर्यंत, मध्ये एकतीस. दोन्ही बाजू जोडणारी अख्ख्या गावात ही एकच रेघ आहे. मी तीन दिवस तिच्याकडं बघत बसलोय. कोण आहे हे एकतीस? नाव सांगू नकोस, माणूस कसा आहे तेवढं सांग.

आणखी एक. मतदारयादीत बोरमाळची पन्नास घरं आहेत. तू एकतीसच केलीस. बाकीची एकोणीस कुठं गेली? आमचं जुनं घर कोणत्या नंबरात आहे?

देवानंद

———

बोरमाळ,
२० फेब्रुवारी ९७

चि. देवानंदास आशीर्वाद.

कागद लई नामी झालाय रे! रांगोळीचे ठिपके मांडावेत तसा. म्या अंगणवाडीच्या भिंतीला लावला, पोरांच्या वजनाच्या तक्त्याशेजारी. खाली लिहिलं, "काढणार : देवानंद म्हस्कू, पुणे". माझ्या भावाचं नाव गावातल्या भिंतीवर पैल्यांदा लागलं. लागू दे की. नुसते आकडे तर हाईत, कुणाला काय कळतंय?

एकतीस म्हंजे मीच की रे, येड्या! माणूस कसा हाय म्हणून इचारतो. चांगला हाय. सगळ्या घरात जाणं-येणं हाय, जाता-जाता वाटी इकडची तिकडं होती. त्यात काय एवढं तीन दिवस बघत बसायचं.

आन् बाकीची एकोणीस घरं कशी येतील? त्यांना बैल न्हाईत. गाव मोजायचं म्हणलं की पोळ्याच्या रांगेनंच मोजतेत. ज्या मानानं बैल तोरणाखालून जातेत, तसा नंबर. पैला मान पाटलाचा, तो एक. आठवा मान धर्मराजच्या घराचा. आमच्याकडं आधी मेंढरंच होती. माझ्या मालकांनी अठ्ठ्याहत्तर साली बैल घेतले, तवा रांगेत आलो, म्हणून शेवटचा एकतीस. हे बोरमाळच्या बारक्या पोराला बी पाठ असतं. तुमच्या घराला नंबर कसा राहील, लेकरा? म्हस्कूदादाजवळ कवा बैल नव्हते. मेंढरं तोरणाखालून जात न्हाईत.

सोमवारी पोरांना डोस पाजायला नर्सबाई येणार हाय. समदं गाव येईल. कागद बघून चाट पडतील.

आत्या

———

पुणे,
२६ फेब्रुवारी १९९७

आत्या,

हे पत्र हातात पडताक्षणी कागद भिंतीवरून काढ. आकडे पोळ्याच्या मानाचे असतील तर गावातला प्रत्येक माणूस ते नावासारखे वाचेल. मी आधी विचारायला हवं होतं. एकोणीस घरं गळली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. काढ आणि चुलीत घाल. कोणी बघितला असेल तर लगेच कळव. ग्रामपंचायतीत फोन असता तर मी आत्ताच केला असता. घाई कर.

देवानंद

———

बोरमाळ,
१५ मार्च ९७

देवानंदास,

तुझं पत्र आलं. उशिरा आलं.

सोमवारी डोसाला दोन्हीकडचे लोक आल्ते. लेकरं कडेवर घेऊन समदे त्या कागदाम्होरं उभे. पैल्यांदा त्यांना वाटलं, इलेक्शनचा अंदाज हाय. रामरावानं टिंबं मोजली. "निळे सतरा, हिरवे चौदा. मंग आपण हरलो कसे?" लोक हसले. मी बी हसले. मंग आमचा भिवा पुढं झाला, शहाणपणा दाखवायला. "हे एक पाटलाचं घर, हे आठ सरपंचाचं, आन् हे एकतीस, ही आमची वैनी." बोट रेघेवरून फिरवत नेलं. फिरवता-फिरवता त्याचाच आवाज बारीक होत गेला.

नर्सबाई म्हणली, पुढचं लेकरू आणा.

आता तुला सांगते, जे म्या लपवलं होतं ते. पुष्पाबाईच्या दारात दोन म्हशी हाईत, तिला विरजणाचा तोटा न्हाई. गोजरबाई रोज सकाळी मला वाटीभर दही देती. मी अंगणवाडीत जाताना पुष्पाबाईच्या मागच्या दारातून ती वाटी देते, आन् कालची रिकामी आणते. वाटी काठोकाठ आली की आई बरी हाय. अर्धी आली की काहीतरी दुखतंय. रिकाम्या वाटीत लेक कधी गुळाचा खडा टाकती, कधी चार बोरं. साल झालं, एवढंच बोलणं हाय दोघींचं. तुझ्या कागदावर मी लिहिलं, कारण तू म्हणला खरं लिही, नंबरच हाईत. आन् मलाच वाटलं, एवढी चांगली गोष्ट कुठंतरी लिहून राहावी.

रामरावानं कागद फाडला. आईला म्हणाला, दह्याची वाटी वट्ट्याखाली उतरली तर बघ. तिकडं धर्मराज पुष्पाबाईला बोलला, छत्रीवाल्यांच्या चुलीतलं आपल्या घरात कशाला? मला दोन्ही दारं बंद झाली. आठ दिवस झाले, गोजरबाईला ताप हाय. मी बाहेरून ऐकलं. पुष्पाबाई रोज त्या येळेला मागच्या दारात उभी राहती. मी रस्त्यानं जाते, ती माझ्या हाताकडं बघती. हात मोकळे हाईत. ताप हाय म्हणून सांगायची बी सोय न्हाई, तिच्या पाठीमागं धर्मराजचा माणूस उभा असतो.

तू चौथा सवाल केल्ता, गाव सोडणाऱ्याला वाट कुणी दाखवली. तुझ्या बापाची मेंढरं मेली, तवा गोजरबाईच्या भावानं त्याला पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला लावला. गोजरबाईनं चिठ्ठी दिली होती, तिच्या हातानं लिहिलेली. त्या चिठ्ठीवर तू शिकला. म्हस्कूदादानं तुला सांगितलं न्हाई?

तू तिकडं बसून रेघा वढल्यास, मी इकडं भिंतीला लावल्या. दोघं बी सारखेच येडे. मला रात्री झोप येत न्हाई, देवा.

जयवंता

———

पुणे,
२२ मार्च १९९७

ती. आत्यास सा. न.

अप्पा नेहमी म्हणायचे, "एका ओळखीच्या माणसानं लावून दिलं." मी कधी विचारलं नाही कोणी ते. गावभर लोकांना हाच प्रश्न विचारत फिरलो, स्वतःच्या घरात विचारला नाही.

माझी चूक मोठी आहे. तुझी नव्हे. आकडा दिला की माणूस लपतो, असं मला पुस्तकांनी शिकवलं आणि मी ते तसंच तुला सांगितलं. मी ती रेघ पुसतोय. सरांना सांगितलं. ती रेघ नसेल तर माझ्या प्रबंधात गाव तुटतं एवढंच उरतं, आणि ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. तीन वर्षांचं काम आहे, पण ते राहू दे. वाटी पुन्हा सुरू होत असेल तर मी अख्खा नकाशा जाळायला तयार आहे. सुरू होणार नाही हेही मला कळतं.

मी येऊ का? रामरावांच्या पाया पडतो. दोघांच्याही पडतो. आणि गोजरबाईंचा ताप उतरला का, ते आधी कळव.

देवानंद

———

बोरमाळ,
१२ एप्रिल ९७

चि. देवानंदास अनेक आशीर्वाद.

येऊ नको, आन् जाळू बी नको. बसून ऐक.

ताप उतरला. पाडव्याच्या दिवशी सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या होत्या, समदं गाव दारात होतं. गोजरबाई हातात वाटी घेऊन वट्ट्यावरून उतरली. उघडी वाटी, वरून पदर बी झाकला न्हाई. दही काठोकाठ. मागच्या बोळीनं न्हाई हं, पोळ्याचे बैल जातेत त्या रस्त्यानं, मधोमध. दोन नंबरच्या दारात नंदाबाई तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच राह्यली. तीन, चार, पाच. काठी न्हाई हातात, कारण दोन्ही हातांनी वाटी धरलेली. म्हातारी पाऊल टाकती, आन् समदे तिच्या पायाकडं बघून राह्यलेत.

रामराव धावत आला. "आई, शपथ घातलीय तुला!" गोजरबाई थांबली. म्हणली, "दारात पाय ठेवायची घातली. मी न्हाई ठेवत. रस्ता काय तुझ्या छत्रीचा हाय?" आन् चालू लागली. रामराव हात धरायला गेला, पण वाटी हिंदकळली. सणाच्या दिवशी आईच्या हातचं दही रस्त्यात सांडायचं, तेवढं काळीज त्याचं झालं न्हाई. तो मागं-मागं चालत राह्यला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तो न्हाई म्हणंल.

आठ नंबरच्या म्होरं रस्त्यात उभी राहून हाक मारली, "पुष्पे!" धर्मराज वट्ट्यावरच बसला होता, गुढीखाली. उठला, बसला, परत उठला. पुष्पाबाई त्याच्याकडं न बघता खाली उतरली. वाटी घेतली का न्हाई ते मला नीट दिसलं न्हाई, दोघींचे पदर मधी आले. मी तर रडूनच राह्यले होते. जरा येळानं धर्मराज म्हणाला, "सासूबाई, उन्हात उभ्या नका राहू." गोजरबाई म्हणली, "उनातच बरंय मला." आन् उभीच राह्यली. मंग त्यानं घरातली बाज आणून रस्त्यात टाकली.

आता रोज सकाळी बाज रस्त्यात पडती. दारात ती पाय ठेवत न्हाई, शपथ मोडत न्हाई. रामराव त्या टायमाला शेतात निघून जातो. दोन्ही पार्ट्या हाईत तशाच हाईत, पेल्यातला चहा बी चालूच हाय. पण परवा बाजेवर कपबशीची चांगुणाबाई बी येऊन बसली होती.

काल मी गोजरबाईला सांगितलं, भाच्याला लई वाईट वाटलं, तो तुमची रेघ पुसून टाकणार हाय. तिनं इचारलं, कोणती रेघ? मी मातीत बोटानं काढून दाखवली. एक, मधी एकतीस, मंग आठ. म्हातारीनं येळ लावून बघितली. म्हणली, "पुसतो कशाला? माझ्या लेकीकडं जाती ती. जाड काढ म्हणावं. आन् आता मधी तुझं घर कशाला? सरळ काढ."

खरं सांगू, मला जरा वाईट वाटलं. सालभर मी होते मधी. पण बराबर बोलली ती.

बाकीची एकोणीस घरं मी सुरू केलीत. ह्या बारीला पोळ्याचा हिशेब न्हाई, जुन्या एकतीस घरांना बी चिठ्ठ्या टाकून नवे नंबर दिलेत, आन् कोणती चिठ्ठी कुणाची ते तुला बी सांगणार न्हाई. तुमच्या पडक्या जागेला बी एक नंबर दिला. तिथं राहत कुणी न्हाई, पण बाहेर जाणारी एक रेघ हाय तिची.

नवा कागद पाठव. सगळ्यांचे आकडेच ठेव, भरवसा मोडायचा न्हाई. फक्त जुन्या एक नंबरला आकडा लिहू नको. गोजरबाई म्हणली, "माझं नाव लिही म्हणावं. त्याच्या बापाची चिठ्ठी मी नावानिशी लिहिली होती."

तुझी आत्या,
जयवंता